इंजिनाखालचं रबर

मी मूळची कोपरीची. गाव विचाराल तर साताऱ्याकडचं, पण ते बाबांचं गाव, आम्ही आपलं लग्नकार्याला जायचो नि परत यायचो, तिथे मला चार घरं सोडली तर कोण ओळखत पण नाय. जन्म कोपरीच्या चाळीतला, ठाणे पूर्वेला, दहा बाय बाराची खोली नि आम्ही चार बहिणी, मी तिसरी. बाबा कंपनीत हेल्पर होते, आई घरी बसून टिकल्यांची पाकिटं चिकटवायची, आणि आम्ही चौघी अभ्यास करता करता तिला मदत करायचो, म्हणजे अभ्यास कमी नि टिकल्या जास्त. मला लहानपणापासून एक खोड, कुणी बोललं की सुजाता हे तुला जमायचं नाय, की मी ते करणारच, मग भले तोंडावर पडेन. आई सगळ्यांना सांगायची, हिच्याकडून काम करून घ्यायचं असेल तर फक्त एवढंच बोला की तुला येत नाय. हे तुम्ही लिहा ताई, कारण पुढे जे काय झालं, चांगलं पण नि वाईट पण, ते ह्या खोडीनेच झालं.

दहावीनंतर मी कोलशेतला रबराच्या कंपनीत लागले. आता तिथे गेलात तर टॉवर दिसतील, स्विमिंग पूलवाले, पण तेव्हा कंपन्याच कंपन्या होत्या, एका बाजूने खाडीचा वास नि आमच्या गेटावर रबराचा, गंधकाचा वास, तो केसात बसायचा, कितीही धुवा. रबराची वस्तू कशी बनते माहितीय का तुम्हाला? इडलीसारखी. कच्चं रबर असतं मळलेल्या कणकेसारखं, त्यात काजळी, गंधक, काय काय कालवलेलं असतं, ते तोलून साच्यात भरायचं, साचा प्रेसखाली दाबायचा नि ठरलेली मिनिटं शिजवायचं, कमी शिजलं तर चिकट राहतं, जास्त शिजलं तर ठिसूळ होतं. पाच वर्षं मी प्रेसवर होते, दोन्ही मनगटांवर भाजल्याचे डाग आहेत बघा. मग मला चेकिंगला घेतलं. तिथे कडकपणा मोजायचा काटा असतो, घड्याळासारखा गोल, खाली बारीक टोक, ते रबरावर दाबलं की काटा आकडा दाखवतो. तो काटा मी इतकी वर्षं दाबला की पुढे पुढे वस्तू हातात घेतली की आकडा मला आधीच कळायचा, सुपरवायझर पैज लावायचा नि हरायचा.

लग्न झालं नि मी दिव्याला आले. आमचे मिस्टर, दिलीप, पाणीखात्यात पंपावर आहेत, आणि गंमत बघा, माणूस नोकरीला पाणीखात्यात नि घरी नळाला पाणी नाय. दिव्यात तेव्हा सगळीकडे तीच बोंब, आजही फार वेगळं नाय. तर एक दिवस हे घरी आले ते एक जुनी जीप घेऊन. मिलिटरीने मोडीत काढलेली, रंग उडालेला, दारं नायत, सीटमधून काथ्या बाहेर आलेला. मी विचारलं हे काय? तर बोलले, अगं फोर व्हील आहे, चारही चाकं ओढतात. मी बोलले अहो, आपल्याला ओढायचं काय आहे? तर बोलले पाणी. आणि खरंच, त्या जीपने आम्ही दोन वर्षं शीळच्या बाजूने पाण्याचे कॅन आणले, आमचे नि मजल्यावरच्या सगळ्यांचे. म्हणून मी गप्प बसले, नायतर ती सवत मी दारात उभी केली नसती.

पण पाणी हे निमित्त होतं, खरी हौस वेगळीच. दर रविवारी हे नि अशीच दहाबारा वेडी माणसं आपापल्या जुन्या जीपा घेऊन मुरबाडच्या बाजूला जायची, चिखलात घालायची, ओढ्यातून काढायची, अडकली की एकमेकांना पट्टा लावून ओढायची, नि संध्याकाळी अंगावर पाच किलो चिखल घेऊन घरी. मला राग यायचा. सहा दिवस मी कंपनीत काळी होते, सातव्या दिवशी ह्यांचे कपडे कोण धुणार? एकदा मी भांडूनच गेले बरोबर, बघू तरी काय करता. तर एका चढावर ह्यांची जीप अडकलेली, हे नुसता रेस देतायत, चाकं जागेवर फिरतायत, चिखल उडतोय. मी खाली उभी राहून बोलले, अहो, हळू द्या ना, ती खोदतेय फक्त. तर बरोबरचे हसले, वहिनी, बसा तुम्ही गाडीवर, तुम्हाला जमतं का बघू. झालं! मला तेवढंच पाहिजे होतं. गाडी मला येत होती, पाण्याच्या फेऱ्या मारून हात बसलेला. मी बसले, पहिला गिअर टाकला, रेस दिलीच नाय जवळजवळ, क्लच सोडला अलगद, नि ती म्हातारी आपली टुकूटुकू चढली वर. वरून खाली बघितलं तर आमचे मिस्टर टाळ्या वाजवतायत. त्या दिवसापासून रविवारी स्टेअरिंग माझ्याकडे नि कपडे धुणं ह्यांच्याकडे.

आता धंदा कसा झाला ते सांगते. ह्या जुन्या जीपांचे पार्ट मिळत नायत. लोखंडाचं काय, लेथवर कोण पण करून देतं. अडतं रबरावर. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना बुश असतात रबराचे, दणका ते खातात, आणि इंजिन खाली रबराच्या जाड गाद्यांवर बसवलेलं असतं, गॅरेजवाले त्याला फाउंडेशन बोलतात. बाजारात मिळायचे ते दोन रविवारी फाटायचे. कल्याणला मन्सूरभाई म्हणून मेकॅनिक आहेत, आमच्या सगळ्यांच्या जीपा त्यांच्याकडेच, त्यांनी एक फाटलेला बुश माझ्यासमोर कचऱ्यात टाकला, तो मी उचलला, वास घेतला नि बोलले, हे जुन्या टायरचा भुगा घालून केलंय, हे टिकणारच नाय. मन्सूरभाई बोलले, सूंघ के बताती है? मी बोलले सतरा वर्षं तेच करतेय. तर ते बोलले, मग तूच बनव ना, दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवणं सोपं आहे.

आणि नेमकं त्याच वर्षी कंपनी बंद झाली. जागा बिल्डरला गेली, आम्हाला हिशोब देऊन घरी बसवलं. बाकीच्या बायका रडत होत्या, मी पण रडले, खोटं कशाला बोलू, पण रडता रडता माझी नजर त्या छोट्या हातप्रेसवर होती, जो भंगारवाला घेऊन जाणार होता. मी भंगारवाल्याच्या मागे मागे गेले नि तो प्रेस घेतला. दिवा-शीळ रस्त्याला एक गाळा भाड्याने घेतला, पत्र्याचा, उन्हाळ्यात आत रबर नि मी दोघं शिजायचो. बुद्धपौर्णिमेला शटर उघडलं, आईच्या हाताने. आणि मिस्टरांनी एक अट घातली, त्यांची एकच अट आयुष्यात, की जो पार्ट बनवशील तो आधी आपल्या जीपमध्ये एक अख्खा पावसाळा चालवायचा, मगच विकायचा. मी बोलले बरोबर आहे. पहिले बुश आम्ही तसेच चालवले, चिखलातनं, ओढ्यातनं, आणि ते आजही आमच्या जीपमध्ये आहेत. मग मन्सूरभाईंनी काउंटरवर ठेवले, नि माणसं यायला लागली, डोंबिवलीहून, बदलापूरहून, पार पनवेलहून. बुशनंतर फाउंडेशन केलं. ते पण पावसाळाभर चालवून.

आणि इथे ती नखाची भानगड सुरू झाली. काय सांगू तुम्हाला ताई, आपल्याकडे रबराचा पार्ट घ्यायला माणूस आला की पहिलं काय करतो? अंगठ्याचं नख रुतवतो. नख रुतलं की बोलतो, कच्चा माल आहे. नाय रुतलं की खूश, एकदम कडक, ओरिजनल. कुणी शिकवलं कोण जाणे, पण सगळे तेच करतात, गॅरेजवाले पण, शिकलेले इंजिनियर पण. बुशचं ठीक होतं, ते थोडे कडकच असतात. पण फाउंडेशन मऊच पाहिजे हो. इंजिन थरथरतं, ती थरथर त्या रबराने गिळायची, खाली लोखंडात जाऊ द्यायची नाय, त्यासाठीच तर ते आहे. माझा काटा पंचावन्नला असायचा, अगदी बरोबर. आणि माणसं यायची, नख लावायची, तोंड वाकडं करायची, बाजूच्या दुकानातला कडक माल घेऊन जायची. मन्सूरभाई बोलायला लागले, सुजाता, तेरा माल पडा रहता है. मी समजावून सांगायचे, एकेकाला, घसा सुकेपर्यंत. ऐकून घ्यायचे नि शेवटी परत नख लावायचे.

मग एकाने आमच्या जीपवाल्यांच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. माझं फाउंडेशन हातात धरून नख रुतवतोय नि हसतोय, वहिनींनी रबर बनवलंय की इडली? खाली सगळ्यांचे हसणारे चेहरे. माझं डोकं जे फिरलं! मी बोलले कडक पाहिजे ना, घ्या कडक. मी काय चार दिवस विचार बिचार केला नाय. ज्या मिलवाल्याकडनं कालवलेलं रबर यायचं त्याला फोन करून सांगितलं काजळी वाढव. माल आला, शिजवला, काटा लावला, पंचाहत्तरच्या वर. दगड. मला कळत होतं हे चूक आहे, कंपनीत चेकिंगला असताना मी असा माल बाजूला फेकलेला. पण नख रुतत नव्हतं. महिन्याभरात सगळा माल उठला, आणखी ऑर्डर आली, ज्याने व्हिडिओ टाकलेला त्याने पण घेतलं नि लिहिलं, आता कशी वहिनी लाईनीवर आल्या. आणि मला बरं वाटलं ते वाचून, हे पण लिहा.

आमच्या जीपमध्ये पावसाळाभर चालवायचं ते राहूनच गेलं. लावलं मी आमच्या गाडीत, पण पंधरा दिवस. मिस्टर पहिल्याच दिवशी बोलले, अगं, स्टेअरिंग धरून हाताला मुंग्या येतायत, हे बरोबर नाय. मी बोलले तुमचं वय झालं, हाताला मुंग्या येणारच. ते गप्प बसले. ते गप्प बसतात तेव्हा समजायचं की त्यांचं बरोबर आहे.

आता सावंत काकांचं. डोंबिवलीचे, शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते, रिटायर झाल्यावर फंडातनं जीप घेतली, सत्तरीला आलेले. आमच्यात सगळ्यात म्हातारे नि सगळ्यात जपून चालवणारे. बाजूच्या सीटवर काकी कायम, एक हात समोरच्या दांडीला, दुसऱ्या हाताने पदर धरलेला, नि सारखं अहो सावकाश, अहो सावकाश. काका बोलायचे, अगो ह्याच्याहून सावकाश म्हणजे गाडी बंद करायला लागेल. त्यांचा मुलगा बँकेत, त्याला ही हौस अजिबात पसंत नव्हती, ह्या वयात कशाला हे धंदे, असं त्याचं. काकांनी माझं कडक फाउंडेशन घेतलेलं. त्यांनी नख पण लावलं नव्हतं. बोलले, तू केलंस म्हणजे चांगलंच असेल.

रविवारची सकाळ, दहा वाजले असतील, मुरबाडच्या पुढे एक मातीचा चढ आहे, काय कठीण पण नाय, काका नेहमी चढायचे. मी त्यांच्या मागच्या गाडीत. काका अर्ध्यात गेले, नि अचानक त्यांची जीप ओरडली, म्हणजे इंजिन एकदम फुल रेसला, आणि गाडीने उडी मारली पुढे, आडवी झाली नि बाजूच्या शेताच्या बांधावर जाऊन आपटली. बांध नसता तर खाली ओढा होता. आम्ही धावलो. काका स्टेअरिंगला धरून बसलेले, पांढरे फटक, आणि काकींचा उजवा हात दांडीत अडकून मनगटातनं वाकडा झालेला. बाई ओरडली नाय हो. एवढंच बोलली, ह्यांना बघा आधी, ह्यांना लागलं का बघा.

हाड दोन ठिकाणी मोडलेलं, ऑपरेशन झालं, आत स्टीलची पट्टी घातली. आणि बाहेर सगळ्यांचं एकच, म्हाताऱ्याचा पाय ब्रेकऐवजी रेसवर पडला. ग्रुपवर पण तेच, काका, आता आराम करा. काका स्वतः पण तेच बोलायला लागले, माझाच पाय चुकला रे. मुलाने सांगून टाकलं, गाडी विकायची, आणि विकायच्या आधी नीट करायला जीप मन्सूरभाईंकडे ओढून आणली.

मंगळवारी मन्सूरभाईंचा फोन, जरा इधर आ. मी गेले. त्यांनी बॉनेट उघडलं नि बॅटरी मारली आत. इंजिन ज्या लोखंडाच्या कानावर टेकतं, तो डाव्या बाजूचा कान चिरून तुटलेला. वर माझं फाउंडेशन जसंच्या तसं, नवं कोरं, एक चरा नाय त्याच्यावर. म्हणजे थरथर रबराने गिळलीच नव्हती, सगळी खाली लोखंडाला दिली, लोखंड हळूहळू चिरत गेलं, नि चढावर जोर आल्यावर तुटलं, इंजिन एका बाजूला कललं नि त्याने रेसची दांडी ओढली. काकांचा पाय कुठे होता त्याचा काय संबंधच नव्हता. मन्सूरभाईंनी बॅटरी बंद केली नि बोलले, देख सुजाता, मैंने देखा, तूने देखा, तिसऱ्या कुणी बघितलं नाय. मी वेल्डिंग मारून देतो, गाडी विकली जाईल, विषय संपला. तेरा अभी अभी जम रहा है. ते वाईट माणूस नायत ताई, तुम्ही तसं लिहू नका. ते माझं भलं बघत होते.

दोन दिवस मी कुणाला काय बोलले नाय. गाळ्यात जायचे, प्रेस तापवायचे, नि बसून राहायचे. मनात हिशोब चालू, की काकींच्या ऑपरेशनला मदत करू गुपचूप, पुढचा माल मऊ करू, कुणाला कळणार आहे? आणि धंदा बुडाला तर गाळ्याचं भाडं, घर, सगळं डोळ्यापुढे. आणि हे पण खरं, की ते लोक हसतील ही भीती जास्त होती. बाई आहे, तिला काय कळणार रबरातलं, हे ऐकायची. मग गुरुवारी सकाळी ग्रुपवर काकांचा निरोप आला. मंडळी, इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, माझ्या चुकीमुळे घरच्या माणसाला दुखापत झाली, आता स्टेअरिंगला हात लावणार नाही, रजा घेतो. आणि काका ग्रुपमधून गेले. मी तो निरोप मिस्टरांना वाचून दाखवला नि मग सगळं सांगितलं, कान तुटलेला ते पण. ते ऐकत होते. बोलले, मला माहिती होतं काहीतरी आहे, तू दोन दिवस जेवली नायस. मी विचारलं काय करू? तर बोलले, काय करायचं ते तुला माहितीय, मी शर्ट बदलतो, चल.

मन्सूरभाईंकडनं तो तुटलेला कान नि माझं रबर कापडी पिशवीत घेतलं नि आम्ही डोंबिवलीला गेलो. मुलगा नि सून घरीच होते, मुलाने दार उघडलं. काका खुर्चीत बसलेले, काकी पलंगावर, हात गळ्यात बांधलेला. मी पिशवी उघडून दोन्ही वस्तू टीपॉयवर ठेवल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. की मला माहिती असून मी कडक रबर केलं. की लोक नख लावतात म्हणून केलं, हसले म्हणून केलं. की हा कान त्यामुळे तुटला. मुलाचा आवाज चढला, साहजिक आहे, त्याच्या आईचा हात मोडलेला, तो बोलला, तुम्हाला कळतं का काय केलंत, माझी आई जाता जाता राहिली, मी तुमच्यावर केस करेन, तुमचं दुकान बंद करेन. मी बोलले करा, मी नाय बोलणार नाय. काकी पलंगावरनंच बोलल्या, अगो, आधी बस तरी, कोणी पाणी द्या तिका.

काकांनी तो लोखंडाचा तुकडा उचलला, चष्मा लावला, खिडकीकडे धरून ती चीर बघितली, उलटी सुलटी करून, चित्र बघावं तसं. मग माझ्याकडे बघून बोलले, म्हणजे माझा पाय चुकला नव्हता?

मी बोलले नाय काका. तुमचा पाय कुठेही असता तरी गाडी उडालीच असती.

ते रडायला लागले ताई. सत्तर वर्षांचा माणूस, मुलासमोर, सुनेसमोर, लहान मुलासारखा. काका काकींकडे वळून बोलले, ऐकलंस? मी नाय केलं तुझ्या हाताचं, मी नाय केलं. ते चार दिवस त्या माणसाने कसे काढले असतील, ते मला तेव्हा कळलं. मी माझ्या नावाला जपत बसलेले, नि ते बायकोच्या हाताकडे बघत बसलेले.

त्या दिवशी संध्याकाळी मी ग्रुपवर सगळं लिहिलं, फोटोसकट. ज्यांनी ज्यांनी माझं कडक फाउंडेशन घेतलंय त्यांनी गाडी काढू नका, मी येते नि बदलून देते. चाळीसच्या आसपास गाड्या होत्या. शिव्या खाल्ल्या, सगळ्या ऐकून घेतल्या. मिस्टरांनी रजा टाकली, आमच्या जीपमध्ये जॅक नि पाने टाकून आम्ही दारोदार फिरलो, बदलापूर, कर्जत, पनवेल. तीन गाड्यांचे कान चिरायला लागलेले होते, केसाएवढी चीर. त्यात जो इडली बोललेला त्याची पण एक. त्याने चीर बघितली नि आम्हाला चहा पाजला. मन्सूरभाईंनी तिन्ही कान फुकटात वेल्ड करून दिले, तोंडाने बडबड चालू, सांगितलं होतं गप्प बस म्हणून, ऐकत नाय ही बाई. सगळा कडक माल मी मन्सूरभाईंच्या गॅरेजसमोर, सगळ्यांदेखत, करवतीने कापला. दोन दिवस लागले कापायला, एवढा कडक केलेला.

केस काय मुलाने केली नाय. मी विचारलं पण नाय का ते. अख्खा पावसाळा मी विकलं काहीच नाय, फक्त पंचावन्नचं रबर बनवून आमच्या गाडीत चालवलं. घर मिस्टरांच्या पगारावर, आणि मी चार महिने दुसऱ्या कंपनीत चेकिंगला जायचे. सगळे बोलले, संपलं हिचं. आता हे मला कुणी बोलावं का? दिवाळीनंतर परत शटर उघडलं.

आता काउंटरवर मी एक लोखंडी पट्टी ठेवलीय, एका टोकाला कडक रबर, एका टोकाला माझं. गिऱ्हाईक आलं, नख लावलं, की मी त्याच्या हातात पट्टी देते नि बोलते, धर घट्ट, नि एकेका टोकाला हातोडी मारते. कडक बाजूला मारलं की त्याचा हात झिणझिणतो, मऊ बाजूला काहीच नाय. मग सांगते, तुझ्या हाताचं जे झालं ते गाडीच्या लोखंडाचं होतं. आणि काकींची गोष्ट सांगते, आधी सांगते, मग माल देते. काही जण ऐकून निघून जातात, की बाई स्वतःच सांगतेय हिच्या पार्टने अपघात झालेला. जाऊ दे. जे थांबतात ते परत येतात. धंदा मोठा नाय झाला, एकाचे दोन प्रेस झालेत, दोन बायका आहेत हाताखाली, दोघी कोलशेतच्याच जुन्या. काटा लावल्याशिवाय एक वस्तू गाळ्याबाहेर जात नाय, आणि मी चिडलेली असले की त्या दिवशी मिलवाल्याला फोन करायचा नाय, असं दोघींना सांगून ठेवलंय, त्या माझा मोबाईल काढून घेतात सरळ.

काकांची गाडी विकली नाय. मुलानेच विकू दिली नाय, स्वतः घेऊन आला मन्सूरभाईंकडे, बोलला, ह्यात काय लागेल ते बसवा, पण बसवताना मी समोर उभा राहणार. उभा राहिला, काटा मी त्याच्याच हातात दिला. काका परत ग्रुपवर आले. रविवारी येतात, तसेच सावकाश, आणि बाजूला काकी. आता डाव्या हाताने दांडी धरतात.

उजव्यात जोर राहिला नाय त्यांच्या. हाड जुळलं, पण मनगट वळत नाय पुरतं. मालवणी बाई, आयुष्यभर तांदळाच्या भाकऱ्या केलेल्या, आता थापता येत नायत. त्याचं मी काय करणार, ते माझ्या नावावर राहणारच, मेले तरी राहणार. मागच्या महिन्यात मी गेलेली त्यांच्याकडे, तर ओट्याशी काका उभे, हाताला पीठ, भाकरी थापतायत, एक बाजू जाड, एक बाजू पातळ, नि काकी बाजूला स्टुलावर बसून सांगतायत, अहो सावकाश, अहो सावकाश. मला बसवलं, वाढलं. मी खाल्ली ताई, दोन खाल्ल्या. सुखी राहू देत दोघं, एवढंच मागणं आहे माझं.